काचेच्या गोटीवरील देठखूण

काचेची गोटी ही वस्तू इतिहासाच्या ग्रंथांत सहसा सापडत नाही. ती सापडते मुलांच्या खिशात, अंगणाच्या मातीत, आणि बदलीचे सामान बांधावयास काढले म्हणजे कपाटाच्या तळाशी एखाद्या पत्र्याच्या डब्यात. आपणां परप्रांतवासी नोकरदारांची मुले दिल्लीत तिला ‘कंचा’ म्हणावयास शिकतात, अहमदाबादेत ‘लखोटी’ म्हणतात, मद्रासेकडे गेली तर ‘गोली’ म्हणतात, आणि सुटीत आजोळी आली की पुन्हा ‘गोट्या’ खेळू लागतात. नावे बदलतात, खेळाचे नियमही थोडेफार बदलतात. हातातील वस्तू मात्र तीच राहते. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, या क्षुल्लक वस्तूंचा संग्रह करणारी प्रौढ व जाणती माणसे आहेत. तेथे एखादी गोटी काही सेंटांना मिळते, तर तिच्याच आकाराची दुसरी हजारो डॉलरांना विकली जाते. हा फरक कशामुळे पडतो, आणि गोटीची पारख करणारा नेमके काय पाहतो, याचा शोध घेऊ लागले असता एक मनोरंजक व काहीसा अंतर्मुख करणारा इतिहास हाती लागतो. तोच येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

गोटी काचेहून पुष्कळ जुनी आहे. सिंधुसंस्कृतीच्या नगरांच्या उत्खननात दगडाचे व भाजलेल्या मातीचे लहान गोळे मिळाले आहेत. युरोपात काचेपूर्वी दगडाच्या व मातीच्या गोट्यांचेच राज्य होते. जर्मनीतील इडार-ओबरस्टाइन हे गाव अकीक दगड घासण्यासाठी प्रसिद्ध. पाण्यावर चालणाऱ्या मोठमोठ्या चाकांवर दगड धरून तेथील कारागीर अकीकाच्या गोट्या घडवीत. हाताने घासलेल्या अशा गोटीवर प्रकाश तिरपा पडू दिला, तर अगदी बारीक पैलू दिसतात. यंत्राने घोटलेल्या गोळ्यावर ते नसतात. मातीच्या गोट्या याहून पुष्कळ स्वस्त. त्यांतील तपकिरी व निळ्या झिलईच्या काही गोट्यांवर डोळ्यासारखे लहान ठिपके असतात. भट्टीत त्या एकमेकींना चिकटून भाजल्या गेल्या, आणि जेथे स्पर्श झाला तेथे झिलई लागली नाही, एवढाच त्या ठिपक्यांचा अर्थ. अमेरिकन संग्राहक या गोट्यांना ‘बेनिंग्टन’ म्हणतात, कारण व्हरमाँट राज्यातील बेनिंग्टनच्या मातीच्या भांड्यांशी त्यांच्या झिलईचे साम्य आहे. वस्तुतः त्या जर्मनीत तयार होत. नाव एका गावाचे आणि वस्तू दुसऱ्या गावाची, हा प्रकार या इतिहासात पुढेही अनेकदा भेटणार आहे. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

काचेच्या गोटीचे माहेर म्हणजे जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातले लाउशा हे डोंगराळ गाव. इ. स. १५९७ मध्ये हान्स ग्राइनर व क्रिस्टोफ म्यूलर या दोघांनी तेथे काचेची भट्टी घातली. भट्टीला लागणारे लाकूड व काचेला लागणारी वाळू ही दोन्ही त्या भागात मिळत. शेती मात्र बेताची. त्यामुळे गावच्या गाव काचेवर जगू लागले. पुढे १८३५ साली याच गावातील लुडविग म्यूलर-उरी याने माणसांसाठी काचेचे कृत्रिम डोळे बनविले. नाताळच्या झाडावर टांगावयाचे काचेचे रंगीत गोळेही येथूनच जगभर गेले. दिव्याच्या ज्योतीवर काच वितळवून घरोघर काम चाले, आणि त्यात नवराबायको व मुले अशा सर्वांचा हात लागे. पोटासाठी काचेचे खेळणे करणाऱ्या या वस्तीत गोटी जन्माला आली, हे तिचे मोल करताना विसरता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काचेची गोटी तयार करणे मोठे कष्टाचे काम होते. १८४० नंतरच्या दशकात लाउशा येथील एलियास ग्राइनर याने गोट्या कापण्याची एक विशेष कातर उपयोगात आणली. तिच्यासाठी १८४६ हे साल सामान्यतः दिले जाते. ही कातर एवढी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी कृती पाहिली पाहिजे. कारागीर लोखंडी दांडीच्या टोकावर वितळलेली काच घेई. पन्हळीदार साच्यात रंगीत काचेच्या बारीक काड्या उभ्या मांडलेल्या असत. त्यांत तो गोळा दाबून त्या काड्या उचलून घेई. त्यावर स्वच्छ काचेचा थर, वाटल्यास पुन्हा रंगीत काड्या, पुन्हा स्वच्छ काच. मग हा गोळा तापवून, पीळ देत देत लांब ओढला की त्याची कांब तयार होई. कातरीच्या एका बाजूस वाटीसारखा खळगा असे व दुसऱ्या बाजूस धार. कांबेचे मऊ टोक खळग्यात धरून फिरविले म्हणजे त्याला गोलाई येई, आणि कातर दाबली की गोटी कांबेपासून तुटे. काच एकदम थंड झाली तर तडकते. म्हणून गोट्या हळूहळू निवू देत. एका कांबेपासून अशा अनेक गोट्या निघत. त्या सख्ख्या बहिणी असल्या, तरी पीळ व ताण प्रत्येकीच्या वाट्याला थोडा वेगळा आल्यामुळे कोणतीही एक दुसरीसारखी नसे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. गोटी कांबेपासून जेथे तुटली तेथे तिच्यावर एक खरखरीत जागा राहून जाई. कांबेच्या मधल्या भागातून निघालेल्या गोटीवर अशा समोरासमोर दोन जागा असत, एक आधीच्या गोटीपासून वेगळे होतानाची आणि दुसरी स्वतः कापली जातानाची. जी गोटी कांबेतून न कापता दांडीवर एकटीच घडविली जाई, तिच्यावर अशी एकच जागा असे. काचकामात त्या दांडीला व तिच्यामुळे पडणाऱ्या खुणेला ‘पाँटिल’ हा शब्द रूढ आहे. संग्राहक कांबेच्या खुणेलाही तोच शब्द लावतात. फळ झाडावरून तोडले तरी देठाची जागा त्याच्यावर राहते. म्हणून या लेखापुरते आम्ही तिला देठखूण म्हणू. कारागिराच्या दृष्टीने देठखूण हे व्यंग होते. तो ती चाकावर घासून सपाट करी, कधी अनेक बाजूंनी घासून तिला लहान लहान पैलू पाडी, तर कधी पुन्हा तापवून वितळवून टाकी. तरीही ती पुरती जात नसे. आणि गंमत अशी की, जे लपविण्यासाठी त्याने एवढा खटाटोप केला, तेच आज पारखी माणूस भिंग घेऊन सर्वांत आधी शोधतो. देठखूण असेल तर गोटी हाताने केलेली. नसेल तर ती बहुधा यंत्राची, किंवा कोणीतरी मागाहून जिल्हई देऊन तिचा पुरावा पुसून टाकलेली.

देठखूण सापडल्यावर गोटीच्या अंतरंगाकडे पाहावयाचे. ज्यांच्या मध्यभागी पांढऱ्या वा पिवळ्या बारीक धाग्यांची जाळी पीळ घेत गेलेली दिसते, त्या जाळीदार गाभ्याच्या. काहींचा गाभा भरीव, रंगीत खांबासारखा. काहींत तो सुट्या फितींचा. काहींत एकच रुंद पट्टी वळत गेलेली. रंगांचे कण एका गाभ्यावर पसरून व ओढून कांद्याच्या पातीसारखे दिसणारे जे थर होतात, त्यांना संग्राहक कांद्याच्या सालीचेच नाव देतात. आणखी एक प्रकार स्वच्छ काचेच्या आत चंदेरी पांढरी मूर्ती असलेला. मेंढी, कुत्रा, सिंह, पक्षी, क्वचित मनुष्य वा एखादा आकडा अशा या मूर्ती असतात. या गोट्यांना ‘सल्फाइड’ म्हणतात. गंधकाशी मात्र त्यांचा काही संबंध नाही. मूर्ती मातीसारख्या पदार्थाची असते आणि तिच्या व काचेच्या मध्ये हवेचा पातळ पापुद्रा राहिल्यामुळे ती चांदीची भासते. प्राण्यांच्या मूर्तींपेक्षा माणसांच्या मूर्ती दुर्मिळ, आणि स्वच्छ काचेऐवजी रंगीत काचेत बसविलेली मूर्ती त्याहूनही दुर्मिळ.

नावांची गोष्ट मघाशी निघाली होती. काळ्या अपारदर्शक काचेवर पृष्ठभागी रंगीत पट्टे असलेल्या एका सुंदर प्रकाराला अमेरिकेत ‘इंडियन’ म्हणतात. हे ऐकून आपली मान अभिमानाने थोडी ताठ व्हावी हे साहजिकच आहे. परंतु ही गोटी हिंदुस्थानात झालेली नाही. तीही जर्मनीचीच. दुसरे उदाहरण ‘लुट्झ’ गोट्यांचे. यांत सोनेरी चकाकीचे पट्टे असतात. ती चकाकी सोन्याची नसून काचेत पसरलेल्या तांब्याच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची आहे. ही काच व्हेनिसच्या कारागिरांच्या परंपरेतील. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील सँडविच येथील काचकारखान्यात निकोलस लुट्झ नावाचा नामांकित कारागीर होता व त्याच्या कामात अशी काच आढळते. तेवढ्यावरून या गोट्या त्याच्या नावावर चढल्या. त्याने गोट्या केल्याचा पुरावा नाही. लुट्झ गोट्या जर्मन भट्ट्यांत तयार झाल्या, असेच आज जाणकार मानतात. परंतु नाव एकदा चिकटले ते चिकटले.

सरकारी कचेरीत ज्यांचे आयुष्य चालले आहे, त्यांना या प्रकाराचे फारसे नवल वाटणार नाही. मसुदा एकाने लिहावयाचा, दुसऱ्याने तपासावयाचा व तिसऱ्याने त्यावर स्वाक्षरी करावयाची, ही आपली रोजची रीत. आणि कामाच्या सोयीसाठी ती योग्यही आहे. परंतु पन्नास वर्षांनी ते दप्तर उघडणाऱ्या अभ्यासकाला केवळ स्वाक्षरी वाचता येत असेल आणि समासातील टिपणाचे अक्षर ओळखता येत नसेल, तर त्याला त्या कागदाचा अर्धाच इतिहास कळला असे म्हणावे लागेल. गोटीचेही तसेच आहे. तिच्यावरचे नाव ही स्वाक्षरी होय, आणि देठखूण हे समासातले अक्षर. लाउशातील त्या घरोघरच्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावे आपणांस कधीच कळणार नाहीत. त्यांच्या हाताने काच कोठे तोडली व कशी घासली, एवढे मात्र दीडशे वर्षांनंतरही बोट लावून पाहता येते.

ही नावे हरपण्याचे कारण व्यापाराच्या रचनेतही होते. लाउशाचा माल विकला जाई तो जवळच्या झोनेबर्ग येथील खेळण्यांच्या पेठेतून. तेथील व्यापारी आसपासच्या खेड्यांतून माल घेत, पेट्यांत भरत व परदेशी धाडत. कारागिराचे नाव पेटीवर जाण्याचा प्रश्नच नव्हता. फार तर देशाचे नाव जाई. १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने आयात मालावर उगमाच्या देशाचे नाव घालणे आवश्यक केले. त्यामुळे अमेरिकेत आलेल्या ज्या मूळ पेटीवर जर्मनीचे नाव इंग्रजीत छापलेले असेल ती बहुधा त्यानंतरची, असा एक उपयुक्त आडाखा संग्राहक बांधतात. मात्र नाव नसेल तर ती पेटी हटकून त्यापूर्वीची, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही, कारण पुठ्ठ्याच्या पेट्या बदलतात, फाटतात आणि एकीतला माल दुसरीत जातो.

गोटीच्या इतिहासाचा दुसरा अध्याय अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन शहरी सुरू होतो. तेथे सॅम्युएल डाइक याने १८८४ च्या सुमारास मातीच्या गोट्या मोठ्या प्रमाणावर काढावयास प्रारंभ केला. खेळणे इतके स्वस्त झाले की ते मुलांना स्वतःच्या पैशाने विकत घेता येऊ लागले. त्याच शहरात जेम्स हार्वे लेटन याने काचेच्या गोट्या हाताने करण्याचा उद्योग चालविला. खरी क्रांती केली ती मार्टिन फ्रेडरिक क्रिस्टेन्सन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या कारागिराने. यंत्रांच्या धारव्यात लागणाऱ्या पोलादी गोळ्या कशा घडवाव्यात याचा त्याला अनुभव होता. तेच तत्त्व त्याने काचेला लावले. खोबणी असलेल्या फिरत्या चाकांच्या मध्ये मऊ काचेचा लहानसा गोळा सोडला की तो स्वतःभोवती सर्व बाजूंनी फिरत फिरत आपोआप गोल होई व तसाच कडक होई. या यंत्राचे पेटंट त्याला १९०५ साली मिळाले. देठखूण यंत्राने पुसली ती येथे.

परंतु ती पुसली गेली एकदम नव्हे, तर टप्प्याटप्प्याने. प्रारंभी काच भट्टीतून दांडीवर घेणे व तिचा तुकडा कापून यंत्रात सोडणे ही कामे माणूसच करी. दांडी फिरवीत काच खाली सोडताना तिच्यावर जो वळसा पडे, तो गोटीच्या एका ध्रुवावर नऊच्या इंग्रजी आकड्यासारखा उमटे व दुसऱ्या ध्रुवावर कापलेल्या टोकाची शेपटी राही. क्रिस्टेन्सनच्या कारखान्यातील उत्तम गोट्यांची ओळख याच खुणेवरून पटते. म्हणजे यंत्रयुगातही माणसाच्या मनगटाचा एक वळसा काचेत गोठून राहिला. पुढे भट्टीतून काच आपोआप पडू लागली, कातरीही यंत्राच्या झाल्या, आणि तो वळसाही नाहीसा झाला.

१९११ च्या सुमारास ॲक्रनमध्येच ॲक्रो ॲगेट ही कंपनी उभी राहिली. क्रिस्टेन्सनच्या नोकरीत असलेला होरेस हिल हा गृहस्थ तिच्यात गेला आणि यंत्राची विद्याही त्याच्याबरोबर गेली. १९१४ मध्ये कंपनीने आपला पसारा वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग येथे हलविला. तेथे नैसर्गिक वायू व वाळू स्वस्त होती. पहिल्या महायुद्धाने जर्मनीचा माल बंद पाडला व अमेरिकन यंत्राला सारी बाजारपेठ मोकळी करून दिली. त्याच युद्धकाळात वायूच्या टंचाईने क्रिस्टेन्सनचा स्वतःचा कारखाना मात्र १९१७ साली बंद पडला. पायवाट पाडणारा मागे राहिला आणि वाटसरू पुढे गेले. ॲक्रोच्या गोटीची सर्वांत ठळक खूण म्हणजे मळसूत्र. काच पडताना तिला गरगर फिरविणारी वाटी त्यांनी बसविली होती. त्यामुळे रंगाची फीत गोटीभोवती मळसूत्रासारखी वेढे घेत जाई. १९२५ मध्ये ओहायोतच ‘क्रिस्टेन्सन ॲगेट’ नावाची कंपनी निघाली. तिचे रंग इतके भडक व तेजस्वी की आजही नजर ठरत नाही. परंतु येथेही नावाचा तोच खेळ आहे. मूळ क्रिस्टेन्सन १९१५ साली वारला होता व त्याच्या कुटुंबाचा या कंपनीशी संबंध नव्हता. कंपनी १९३३ मध्ये बंद पडली, आणि तिचे आयुष्य अल्प असल्यामुळेच तिच्या गोट्या आज महाग आहेत. इलिनॉय राज्यातील ओटावा येथील पेल्टियर कारखान्याने वृत्तपत्रांतील चित्रमालिकांच्या बारा पात्रांचे चेहरे छापलेल्या गोट्या काढल्या, त्यांनाही संग्राहकांत मोठी मागणी असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून नव्या धर्तीची गोटी आली. ती म्हणजे स्वच्छ काचेत रंगीत पाती असलेली ‘मांजरडोळी’. आपल्यापैकी बहुतेकांच्या बालपणीची गोटी तीच. १९५० नंतर तिने अमेरिकेची बाजारपेठ इतकी काबीज केली की तेथील कारखान्यांना तिची नक्कल करावी लागली. ॲक्रो कंपनी तर १९५१ सालीच बंद पडली. जर्मनीला जे अमेरिकन यंत्राने केले तेच अमेरिकेला जपानी मालाने केले. आपल्याकडे मात्र काचेच्या गोटीचा प्रसार आणखी एका वाटेने झाला, ती वाट सोड्याच्या बाटलीची. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली जिच्या गळ्यातच गोटी अडकून बसते अशा बाटलीचे पेटंट घेतले. आतील वायूच्या दाबाने गोटी वरच्या रबरी कड्यावर दाबली जाते व बाटली बंद राहते. इंग्लंडात ही बाटली कालबाह्य झाल्यावरही हिंदुस्थानात गोटीसोडा टिकून राहिला. फुटलेल्या बाटलीतील हिरवट गोटी हा किती पिढ्यांच्या मुलांचा ठेवा होता, हे वाचकांस सांगावयास नकोच. संग्राहकांच्या बाजारात तिला भाव नाही, कारण ती साधी, एकरंगी व विपुल आहे. ही गोष्ट मनात ठेवूनच आता मोल करण्याच्या पद्धतीकडे वळू.

गोटीचा भाव मुख्यतः चार गोष्टींवर ठरतो. पहिली तिची जात. म्हणजे ती कोणत्या पद्धतीने, कोठे व सुमारे केव्हा झाली. दुसरी तिचा व्यास. तो इंचाच्या सोळाव्या वा बत्तिसाव्या भागापर्यंत मोजतात. हातकामाच्या गोट्यांत मोठा आकार दुर्मिळ असतो. कारण मोठा गोळा कडक होण्यापूर्वी सारखा गोल करणे अवघड, आणि अशी गोटी खेळात जास्त आदळते व फुटते. तिसरी तिची स्थिती. अगदी कोऱ्या गोटीला दहापैकी दहा गुण. नऊपर्यंत ती उत्कृष्ट. आठच्या घरात थोडीशी हाताळलेली. सातच्या घरात उघड वापरलेली. आणि त्याखाली टवके गेलेली. ठोका बसून काचेच्या आत चंद्रकोरीसारखी चीर पडते, तिचेही गुण कापले जातात. चौथी गोष्ट म्हणजे रंगसंगती व एकंदर देखणेपण. हिला माप नाही, तरीही दोन पारख्यांचे मत येथे बहुधा जुळते.

नवख्यांना काही सोप्या कसोट्या हव्याशा वाटतात. परंतु त्यांतल्या बऱ्याचशा फसव्या असतात. आत बुडबुडा आहे म्हणून गोटी जुनी, असे म्हणता येत नाही. बुडबुडे जुन्या काचेतही असतात व नव्या काचेतही. अतिनील प्रकाशाखाली एखादी गोटी हिरवी चमकली तर तिच्यात युरेनियमचा अंश आहे एवढे समजते. तिचे वय त्यावरून सिद्ध होत नाही. आजही कुशल कलावंत हाताने उत्तम गोट्या करतात व आपल्या नावाने विकतात. तो प्रामाणिक व्यवसाय आहे. पण नावाची खूण घासून तीच गोटी जुनी म्हणून खपविणारेही असतात. सर्वांत वाईट म्हणजे जिल्हई. टवके गेलेली जुनी गोटी घासून चकचकीत केली म्हणजे ती नवी दिसते; परंतु तिचा व्यास घटतो, मूळ पृष्ठभाग जातो आणि देठखूण अंशतः वा पूर्णतः नाहीशी होते. बाजारही अशा गोटीला कमी भाव देतो. आणि बाजाराने दिला नसता तरी इतिहासाने तो कमीच दिला असता. कारण कारागिराने सोडलेला एकुलता एक दस्तऐवज आपण आपल्या हाताने पुसून टाकलेला असतो.

येथे बाजाराचे मोल व इतिहासाचे मोल यांची फारकत होते, आणि आमच्या मते या साऱ्या विषयातील विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. दहापैकी दहा गुण मिळविणारी गोटी कोणती? जी कधी खेळली गेली नाही ती. दुकानाच्या पेटीत राहून गेलेली, आजारी मुलाच्या उशाशी पडून राहिलेली, किंवा शिस्तीच्या घरात ‘मोठा झाल्यावर देऊ’ म्हणून ठेवलेली. ज्या कामासाठी ती जन्मली ते काम जिने केले नाही, तिला सर्वाधिक दाम. आणि जी मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या धुळीत जिंकली व हरली गेली, तिला प्रत्येक टवक्यागणिक दंड. बाजाराला आम्ही दोष देत नाही. दुर्मिळाला दाम हा त्याचा धर्मच आहे, आणि खेळण्याची अखंड वस्तू ही खरोखर दुर्मिळ असते. परंतु गोटीच्या अंगावर दोन प्रकारची अक्षरे असतात हे विसरता कामा नये. देठखूण हे ती करणाऱ्याचे अक्षर. टवका हे ती खेळणाऱ्याचे अक्षर. पहिल्याला बाजार भाव देतो, दुसऱ्याचे गुण कापतो. इतिहासाच्या वाचकाने मात्र दोन्ही वाचावीत. बनविणारा लाउशाचा निनावी कारागीर आणि खेळणारे कोणत्या तरी गल्लीतले निनावी मूल, या दोघांनीही आपल्यापुरते जे लिहून ठेवले आहे, ते या एका इंचभर काचेखेरीज दुसरीकडे कोठे सापडणार नाही.

आपल्या घरांतील डब्यांतून हजारो डॉलरांची गोटी निघेल अशी आशा आम्ही कोणास लावीत नाही. तेथे बहुतेक सोड्याच्या बाटलीतल्या व मांजरडोळीच निघतील. तथापि दर तीनचार वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर घेऊन गाव बदलणाऱ्या आपणांसारख्यांच्या घरी वडिलोपार्जित वाडे नसतात, माळ्यावरच्या पेट्या नसतात. जे सामानाच्या वजनात बसले तेवढेच आपल्या मागे येते. एखादा गोट्यांचा डबा अशा चार बदल्यांतून टिकला असेल, तर तो जबलपूरचे अंगण, कलकत्त्याची गल्ली व दिल्लीच्या सरकारी वसाहतीची गच्ची पाहून आलेला असतो. त्या गोट्या कोमट पाण्याने, फार तर साध्या साबणाने धुवाव्यात. घासू नयेत, जिल्हई देऊ नये. एकमेकींवर आपटणार नाहीत अशा मऊ कापडात ठेवाव्यात. एखादीवर समोरासमोर दोन खरखरीत जागा दिसल्या, तर ती जाणकारास दाखविल्यावाचून कोणास देऊ नये. आणि डब्यात एक चिठ्ठी घालावी, की या कोठल्या गावी, कोणत्या वर्षी, कोणाच्या. बेनिंग्टन, इंडियन व लुट्झ यांच्या बाबतीत जो घोटाळा झाला, तो अशी एक साधी चिठ्ठी कोणी वेळीच न लिहिल्यामुळे. टिपण लिहून ठेवणे हा तर आपला धंदाच आहे. तो एकदा घरच्या डब्यासाठीही करावा, एवढेच आमचे मागणे आहे.